कुणाला कोणती कयाक? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

खळाळत्या पाण्यावर कयाक चालवणाऱ्यांकडून या वेळी आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आहे: कोणती बोट घेऊ? बहुतेकांनी बोटीचं नाव लिहिलंय, रंग लिहिलाय, मित्राकडे कोणती आहे तेही लिहिलंय. स्वतःचं वजन मात्र मोजक्यांनीच कळवलंय. ज्यांनी वजन कळवलं त्यांची पाच पत्रं इथे घेतली आहेत. बाकीच्यांनी वजन, उंची, बुटाचं माप आणि सध्या कोणत्या दर्जाच्या पाण्यात (क्लास वन सगळ्यात सोपं, आकडा वाढेल तसं अवघड) उतरता हे लिहून पुन्हा पत्र पाठवावं. ही माहिती नसेल तर मी काहीही सांगितलं तरी तो नुसता अंदाज ठरेल.

ताई, माझी उंची १५३ सेंटिमीटर आणि वजन ४८ किलो. क्लबमधली मधल्या मापाची क्रीक बोट (उताराच्या, खडकाळ पाण्यासाठीची फुगीर कयाक) वापरते. संथ पाण्यात रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) जमतो, प्रवाहात निम्म्या वेळा फसतो. एडीत (खडकामागच्या शांत पाण्यात) शिरताना बोट माझं ऐकतच नाही. सगळे म्हणतात, मोठी बोट सुरक्षित असते, ताकद वाढव. ताकद वाढवू की बोट बदलू?

बोट बदला. आणि ती बदलेपर्यंत आहे त्या बोटीत फोम भरा. ताकदीचा यात फारसा संबंध नाही.

हिशेब करून बघा. पाण्यावर तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते आणि एक लिटर पाण्याचं वजन साधारण एक किलो. तुम्ही ४८, बोट २० आणि लाइफ जॅकेट, हेल्मेट, थ्रो बॅग (बचावाच्या दोराची पिशवी), ओले कपडे मिळून ७ किलो धरू. झाले ७५. मधल्या मापाच्या क्रीक बोटीचं आकारमान ३०० लिटरच्या आसपास असतं. म्हणजे तुमच्या बोटीचा फक्त पाव भाग पाण्यात असतो, उरलेला पाऊण भाग वर. त्याच बोटीत ८५ किलोचा माणूस बसला की ११० लिटरहून जास्त भाग पाण्यात जातो. ही बोट आखणाऱ्याने पाण्याची रेष त्याच्यासाठी धरलेली आहे. बोटीच्या बुडाची जी कड प्रवाहात रुतायला हवी, ती तुमच्या बाबतीत पाण्याला नीट टेकतच नाही. टेकवायची तर त्या माणसापेक्षा बोट कितीतरी जास्त कलती करावी लागते. एडीत शिरताना बोट घसरत जाते ती याचमुळे.

रुंदीचाही भाग आहे. या बोटी ६५ सेंटिमीटरच्या पुढे रुंद असतात. खांदे अरुंद, धड आखूड आणि कॉकपिटची (बसायच्या पोकळीची) कड उंच असली की वल्हं उभं घालता येत नाही. ते आडवं पडतं. आडव्या वल्ह्याने बोट पुढे जाण्याऐवजी वळते, मग ती सरळ करण्यात पुढचं वल्हं खर्ची पडतं. संध्याकाळी खांदे भरून येत असतील तर कारण हेच.

आता रोल. रोल हातांनी होत नाही, गुडघ्याने आणि कमरेने होतो, हे तुम्हाला शिकवलं असेलच. पण गुडघा आणि बोट यांच्यात दोन बोटांचं अंतर असेल तर तुमची कंबर बोटीच्या आत हलते, बोट जागची हलत नाही. संथ पाण्यात तेवढं खपून जातं, प्रवाहात नाही. पाण्याबाहेर गवतावर बोटीत बसा आणि एकच गुडघा वर उचला. बोट त्याच क्षणी कलली पाहिजे. आधी तुम्ही हललात आणि मग बोट कलली, तर फिटिंग ढिलं आहे.

फिटिंगची सुरुवात पायांपासून करा. तळव्याचा पुढचा भाग फूट ब्लॉकवर टेकला की गुडघे आपोआप थाय ब्रेसखाली (मांडीवरच्या आधाराखाली) दाबले गेले पाहिजेत. ब्लॉक लांब राहिला तर खडकावर आपटल्यावर तुम्ही आत सरकता आणि ब्रेस सुटतात. नंतर हिप पॅड, म्हणजे कमरेच्या बाजूच्या गाद्या. दोन्ही बाजूंनी चापून बसावेत, पण अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतील इतके नाहीत. बॅकबँड (पाठीचा पट्टा) कमरेच्या खळग्यात हवा, फासळ्यांवर नको. बॅकबँड शेवटचा दात लागेपर्यंत आवळायची सवय अनेकांना असते, त्याने पाठ आखडते आणि धड वळत नाही.

शेवटचा उपाय सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. सीटवर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा फोम बसवा. कोपरं कॉकपिटच्या कडेच्या वर येतात, वल्हं उभं पडतं आणि कड लावायला जोर मिळतो. लहान चणीच्या मुली शिकायला आल्या की मी पहिल्याच दिवशी हे करून देते आणि फरक त्यांना पहिल्या दहा वल्ह्यांत कळतो. गुरुत्वमध्य थोडा वर जातो, हे खरं. पण मोठ्या बोटीत लहान माणसाकडे स्थिरता गरजेपेक्षा जास्तच असते. फिटिंगमध्ये काहीही बदललं की संथ पाण्यात, कुणीतरी शेजारी उभं असताना, उलटं होऊन बाहेर पडून बघायचं. स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कॉकपिटवर ताणायचं आवरण) लावून. यात सूट नाही.

नवी बोट बघाल तेव्हा लिटर बघाच, २३० ते २६० च्या घरात. त्यासोबत गुडघ्यापाशी डेक किती उंच आहे आणि कॉकपिटपाशी रुंदी किती कमी झाली आहे तेही मोजा. मधल्या मापापेक्षा नुसती लांबी कमी असलेली बोट तुमचा प्रश्न सोडवणार नाही. उत्पादक आकारमान पुष्कळदा अमेरिकन गॅलनमध्ये देतात. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. बोट उचलूनही बघा. २० किलोची बोट म्हणजे तुमच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त, आणि ती खांद्यावर घेऊन दगडांतून उतरायचं असतं.

मोठी बोट सुरक्षित, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर स्पष्ट लिहायलाच हवं. धबधब्यावरून उडी घेतल्यावर किंवा होलमध्ये (पाणी उलटं फिरून बोट धरून ठेवतं तिथे) शिरल्यावर जास्त आकारमान तुम्हाला लवकर वर आणतं, एवढ्यापुरतं ते खरं आहे. पण जी बोट तुम्हाला कलती करता येत नाही, ती तुम्ही टाळू पाहत होतात त्याच होलमध्ये तुम्हाला घेऊन जाते. हलक्या माणसाची सुरक्षितता आधी बोट हवी तिथे नेता येण्यात आहे.

ताई, मी १९ वर्षांचा, ७२ किलो, १७५ सेंटिमीटर. दोन हंगाम क्लास टू आणि थ्रीच्या नद्या केल्या. रोल बहुतेक वेळा बसतो. ग्रुपमधले दादा म्हणतात थेट क्रीक बोट घे, क्लास फोरला लागेलच. माझं मन हाफ स्लाइसवर आहे. रिव्हर रनर घेतली तर वर्षभरात अपुरी पडेल का?

तुझ्या पत्रातला निर्णायक शब्द ‘बहुतेक’ हा आहे, त्याच्याकडे येते.

आधी या तिघींत फरक काय ते बघ. क्रीक बोट गोलसर, फुगीर. शेपटीतही भरपूर आकारमान, दोन्ही टोकं वर उचललेली. या उचलण्याला आपण रॉकर म्हणतो. रॉकर जास्त असला की नाक लाटेवर चढतं आणि बूफ (टप्प्यावरून नाक उचलून घेतलेली उडी) सोपा होतो, पण संथ पाण्यात बोट रेंगाळते. पिरान्हाची माचनो हे या प्रकारचं ओळखीचं उदाहरण. रिव्हर रनरचं बूड जास्त सपाट आणि कड ठसठशीत, त्यामुळे ती लाटेवर सर्फ करते, जागच्या जागी फिरते आणि कड लावली की लगेच प्रतिसाद देते. हाफ स्लाइसचं पुढचं अर्धं अंग क्रीक बोटीसारखं भरलेलं आणि मागचं चपटं केलेलं. जॅक्सनची अँटिक्स, पिरान्हाची रिपर, डॅगरची रिवाइंड या त्यातल्या. शेपूट मुद्दाम पाण्यात बुडवून नाक आकाशाकडे उभं करता येतं, तुझं मन तिथेच अडकलं असणार आणि ते मला समजतं.

आता एडी लाइन, म्हणजे एडी आणि प्रवाह यांच्यामधली सीमा, डोळ्यांसमोर आण. एडीतून तू मुख्य प्रवाहात शिरतोस. वरून येणाऱ्या प्रवाहाकडची कड उचललीस तर पाणी बुडाखालून निघून जातं. उचलायला उशीर झाला तर पाणी डेकवर चढतं. क्रीक बोटीच्या फुगीर डेकवरून ते ओघळून जातं, तू थोडा डगमगतोस आणि पुढे निघतोस. हाफ स्लाइसच्या चपट्या शेपटीवर तेच पाणी साचतं, शेपूट खाली जाते, नाक वर येतं आणि तू मागच्या मागे उलटा. चूक तीच. एका बोटीने ती झाकली, दुसरीने तिथल्या तिथे दाखवली.

म्हणून क्रीक बोटीत दोन हंगाम काढलेल्यांची कड पुष्कळदा आळशी राहिलेली मला दिसते. बोट सांभाळून घेते, त्यांना वाटतं आपण सांभाळलं. दादांचा सल्ला चुकीचा म्हणणार नाही. तुमच्या नद्या उताराच्या, खडकाळ आणि सलग रॅपिडच्या (खळाळत्या टप्प्यांच्या) असतील, पोहत बाहेर येण्याची किंमत मोठी असेल, तर क्रीक बोटच हवी. पण तू लिहिलं आहेस त्यावरून तुझे बहुतेक दिवस क्लास थ्रीवर जातात. बोट त्या दिवसांसाठी घे. क्लास फोरला पहिल्यांदा जाशील तेव्हा क्रीक बोट उसनी मिळते.

आता ‘बहुतेक’. ठरवून उलटा झालास तेव्हा बसलेला रोल मी मोजत नाही. अनपेक्षित उलटलास, वल्हं दुसऱ्या बाजूला होतं, पाणी थंड होतं, तरीही पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात वर आलास, असं वारंवार घडत असेल आणि दोन्ही बाजूंनी घडत असेल, तर हाफ स्लाइस घे, ती तुला झपाट्याने शिकवेल. नसेल, तर रिव्हर रनर. रोल कच्चा असताना हाफ स्लाइसमध्ये तू शिकण्यापेक्षा पोहशील जास्त, आणि दोन-तीनदा वाईट पोहणं झालं की मनात भीती बसते. ती काढायला हंगाम जातो. रिव्हर रनर वर्षात अपुरी पडत नाही, क्लास फोर त्यात आरामात करणारे भरपूर आहेत.

मापाचं म्हणशील तर ७२ किलो पुष्कळ तक्त्यांत लहान आणि मधल्या मापाच्या सीमेवर येतात. अशा वेळी मी क्रीक बोटीत मोठं माप घ्यायला सांगते, हाफ स्लाइसमध्ये पाय मावत असतील तर लहान. एकाच माणसाची मापं बोटीच्या प्रकाराप्रमाणे वेगळी निघतात. शिवाय तक्त्यातलं वजन सामानासकट धरलंय की नुसत्या माणसाचं, हे उत्पादकाला विचार.

तू विचारलं नाहीस, तरी एक सुचवते. कुणाकडे जुनी स्लालम कयाक (टांगलेल्या खांबांमधून वळत जायच्या शर्यतीची) पडून असेल तर महिनाभर सोप्या पाण्यात ती चालव. स्पर्धेच्या नियमाने ती किमान साडेतीन मीटर लांब असते, डेक सपाट, कडा तीक्ष्ण. तिच्यासारखी कड दुसरी कुठलीच बोट शिकवत नाही. फक्त खडकांपासून जपायची, ती प्लास्टिकची नसते.

वजन १०४ किलो, उंची १८८ सेंटिमीटर, बूट ४६ नंबरचा. क्लास थ्री व्यवस्थित करतो, रोल पक्का आहे. हाफ स्लाइसच्या लार्जमध्ये बसलो तर पाय अवघडले आणि शेपूट सतत पाण्याखाली. मोठ्या माणसांनी हा नाद सोडावा का?

नाद सोडू नका, पण पाय अवघडत असतील त्या बोटीत नदीत उतरू नका. पायांचा प्रश्न आरामाचा नाही. उलटी झालेली किंवा खडकात अडकलेली बोट सोडताना गुडघे क्षणात बाहेर यायला हवेत. घरच्या चपला किंवा अनवाणी पायांनी बसून बघितलं असेल तर ते बघणं धरू नका. नदीतले बूट घालून बसा, वीस मिनिटं बसून राहा, मग बाहेर पडा. पावलं वाकडी करून ठेवावी लागत असतील तर ती बोट तुमची नाही, मग ती कितीही आवडो. काही बोटींत फूट ब्लॉकची पट्टी काढून थेट पुढच्या भिंतीवर फोम चिकटवला की चार-पाच सेंटिमीटर मिळतात. तेवढ्याने भागतंय का बघा. पातळ तळव्याचे बूटही मदत करतात.

शेपटीचं कारण निम्मं वजन आणि निम्मी सीट. तुम्ही, सामान आणि बोट मिळून १३५ किलोच्या आसपास. २४० लिटरच्या बोटीत निम्म्याहून जास्त आकारमान तिथेच संपतं. त्यात लांब पाय मावावेत म्हणून सीट मागे सरकवली असणार. सीट मागे गेली की सगळा भार शेपटीवर. संथ पाण्यात बसा आणि मित्राला बाजूने बघायला सांगा. नाक वर उचललेलं आणि शेपटीची कड पाण्याखाली दिसली तर सीट एक-एक भोक पुढे घेत जा. पाय मावेनासे होईपर्यंतही बोट समतल झाली नाही, तर ती बोट तुमच्यासाठी लहान आहे, बाकी काही बघायची गरज नाही.

तुमच्या वजनाला मी सगळ्यात मोठ्या मापातली, मागे जरा जास्त भरलेली हाफ स्लाइस बघायला सांगेन. किंवा मग मधल्या मापाची नव्हे, मोठ्या मापाची रिव्हर रनर. जड माणूस बोटीच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला बसला की साधी रिव्हर रनरही पाण्यात खोल बसते, तिच्या कडा जास्त धरतात आणि ती बरीच खेळकर होते. ज्या गमतीसाठी हलकी माणसं हाफ स्लाइस घेतात, तिचा मोठा वाटा तुम्हाला तिथे मिळेल.

वजन ६५ किलो, नवशिकी आहे. १९८० च्या दशकातली एक लांब परसेप्शन डान्सर स्वस्तात मिळते आहे, आणि चार-पाच वर्षं वापरलेली एक रिव्हर रनर तिच्या कितीतरी पट किमतीला. कोणती?

रिव्हर रनर. डान्सर तिच्या काळातली उत्तम बोट होती, अकरा फुटांहून लांब, गोल बुडाची, वेगवान. पण एवढ्या वर्षांचं पॉलिथिलिन उन्हाने ठिसूळ झालेलं असू शकतं आणि आतलं जुनं फिटिंग आजच्या भरीव फूट ब्लॉकइतकं विश्वासाचं नसतं.

वापरलेली बोट घेताना उलटी करून सीटच्या खाली आणि शेपटीच्या टोकाला हात फिरवा. ओरखडे चालतील. अंगठ्याने दाबल्यावर पातळ पत्र्यासारखं आत-बाहेर होणारं प्लास्टिक किंवा वितळवून जोडलेली भेग चालणार नाही. कॉकपिटच्या कडेला चीर असेल तर स्कर्ट दगा देईल. मधला फोमचा खांब जागेवर आणि घट्ट हवा, डेक दाबला जाऊ नये म्हणून तो असतो. दोन्ही टोकांची पकडायची हँडलं पूर्ण जोर लावून ओढा. रंग विटला असेल तर ती किती काळ उघड्यावर होती ते विचारा.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, वजन ३२ किलो. तिला आवड लागली आहे. लवकर वाढेल म्हणून एक माप मोठीच घ्यावी असा विचार आहे. योग्य होईल का?

नाही. कपडे एक माप मोठे चालतात, कयाक नाही. पहिल्या पत्राचं उत्तर वाचा, आणि तिथली ४८ किलोची बाई प्रौढ आहे हे लक्षात घ्या. तुमची मुलगी मोठ्यांच्या लहान मापातही हरवून जाईल. ती वल्हवेल आणि काही घडणार नाही. एवढ्या वयात ‘मला जमत नाही’ हे चटकन मनात बसतं आणि मूल पाणी सोडून देतं.

मुलांसाठी खास आखलेल्या बोटी आहेत, जॅक्सनची फन वन किंवा डॅगरची ॲक्सिअम ६.९. ॲक्सिअमच्या नावातला आकडा फुटांतली लांबी आहे, म्हणजे ती सात फुटांच्याही आत. अशी बोट मूल स्वतः ओढत पाण्यापर्यंत नेऊ शकतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वल्हंही बदला. मोठ्यांचं व्हाइटवॉटर वल्हं १९० ते २०० सेंटिमीटरचं असतं. तिला त्याहून बरंच आखूड, बारीक दांड्याचं आणि लहान पात्याचं हवं, नाहीतर मूठच बसत नाही.

बोट दोन-तीन वर्षांत लहान होईल हे धरूनच चाला. अशा बोटी कमी बनतात आणि चांगल्या राखल्या तर पुढच्या मुलाकडे सहज जातात, तेव्हा क्लबमध्ये आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला स्कर्ट लावू नका. उलटं होऊन हसत बाहेर यायला लागली की लावा. आणि खरेदीला तिला सोबत न्या. बोटीत बसवून दोन्ही गुडघे एकाआड एक उचलायला सांगा. बोट डुलली तर पैसे द्या.